प्रकाश आधीं, रंग मागून

एकत्र कुटुंबांत ज्यांचें आयुष्य गेलें आहे त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट खचित आली असेल. अशा घरांत प्रत्येक माणसाविषयीं केव्हांतरी एक मत ठरून जातें, आणि एकदां तें ठरलें म्हणजे फिरून तपासून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. अमका हट्टी, तमकी कामसू, तिसरा विसरभोळा, हे निकाल कोणत्या पुराव्यावर झाले हें वीस वर्षांनंतर कोणासहि सांगतां येत नाहीं. पण त्यांवर अपील मात्र चालत नाहीं. आमच्या घरीं असा एक निकाल आमच्या धाकट्या चुलत्यांविषयीं, म्हणजे तात्यांविषयीं, झालेला होता. तात्यांचें कोणत्याहि कामांत मन नसतें आणि नवें म्हणून कांहीं त्यांस सोसत नाहीं, असा तो निकाल. तो चुकीचा होता हें आम्हांस कळण्यासाठीं घरांत रंगीत दूरचित्रवाणीचा संच यावा लागला. आणि तो आल्यावरहि दोन वर्षें जावीं लागलीं.

पुरावा म्हणाल तर होता तो फुलांचा. पुण्याच्या आमच्या जुन्या वाड्याच्या परसांत जास्वंदीचें मोठें झाड होतें. पूजेस फुलें आणण्याचें काम तात्यांकडे लहानपणापासून असे. तगर, अनंत, मोगरा हीं पांढरीं फुलें ते भराभर परडींत भरीत. पण जास्वंदीपाशीं गेले म्हणजे पाव पाव तास त्या झाडापुढें उभे राहत, आणि दोन-तीन फुलें घेऊन परत येत. मागून एखादें पोर जाई व त्याच झाडावरून दहा-बारा टपोरीं लाल फुलें घेऊन येई. गणपतीच्या दिवसांत आजी यावरून त्यांस लागेल असें बोले. तात्या निमूटपणें ऐकून घेत. पुढें पुढें "जास्वंद दुसऱ्या कोणास आणावयास सांगा" असें म्हणून त्यांनीं तें काम सोडूनच दिलें, आणि आळशीपणाच्या आरोपास कायमची पुष्टि मिळाली. त्यांच्या खरेदीचीहि घरांत थट्टा होई. काकूंसाठीं दर दिवाळीस ते लुगडें आणीत तें निळें, नाहींतर पिवळें. "ह्यांना निळा रंग फार आवडतो," असें काकू कौतुकानें सांगत. जावा मात्र तात्यांच्या रसिकतेविषयीं पदरांआड हंसत.

मुंबईस दूरदर्शनचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि तेथील कार्यक्रम सिंहगडावरील प्रक्षेपकामुळें पुण्यास दिसूं लागले. आमच्या दिवाणखान्यांत तेव्हांपासून थोड्याच अवधींत लांकडी पेटींत बसविलेला, पुढें दोन सरकतीं दारें असलेला कृष्णधवल संच आला होता. १९८२ च्या स्वातंत्र्यदिनीं दिल्लीहून रंगीत प्रक्षेपण झालें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा होणार म्हणून आमच्या वडील बंधूंनीं, दादांनीं, हप्त्यांवर रंगीत संच घेतला. त्या दिवसांत आमचा दिवाणखाना म्हणजे मंगलकार्याचा मांडव झाला होता. शेजारचीं बिऱ्हाडेंहि येऊन बसत. हिरवळ किती हिरवी दिसते, पोशाख किती तांबडे दिसतात, याखेरीज दुसरा विषय नव्हता. तात्या दोन दिवस मागच्या खुर्चींत बसले. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं दादांस विचारलें, "जुना संच माझ्या माडीवरच्या खोलींत नेऊन ठेवला तर चालेल का?"

चालेल, असें दादा म्हणाले. पण त्यांस तें लागलें. आपल्या खर्चास चुलत्यांची संमति नाहीं असा त्यांनीं त्याचा अर्थ केला. घरांतील इतरांनीं नेहमींचा निकाल वाचून दाखविला. त्या दिवसापासून दादा व तात्या यांच्यांत एक सूक्ष्म दुरावा आला. भांडण म्हणावें असें कांहीं नव्हतें. पण जेवतांना पूर्वीं होत असत त्या गप्पा थांबल्या.

येथें थोडें विषयांतर करून एक गोष्ट सांगितली पाहिजे; कारण पुढील सारी हकीकत तिच्यावर अवलंबून आहे. माडीवरचा जुना संच आणि दिवाणखान्यांतील नवा संच हे दोन्ही एकाच लहरीवर चालत होते. जुन्या संचासाठीं निराळें प्रक्षेपण नव्हतें. ज्या लहरींतून नवा संच रंग काढी, त्याच लहरींतून जुना संच रंगावांचून तेंच चित्र काढी. ही गोष्ट आतां कोणास विशेष वाटत नाहीं. पण ती आपोआप घडलेली नाहीं. अमेरिकेंत १९५० सालीं सीबीएस या कंपनीच्या रंगीत पद्धतीस सरकारी मान्यता मिळाली होती. तींत कॅमेऱ्यापुढें व संचापुढें लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांचें चक्र फिरत असे, व त्या तीन रंगांचीं चित्रें एकामागून एक पाठविलीं जात. चित्र चांगलें येई. पण लोकांच्या घरीं जे लक्षावधि जुने संच होते त्यांवर तें उमटेना. नव्यासाठीं जुन्यास घराबाहेर काढावयाचें, असा तो व्यवहार होता. १९५१ सालींच तें प्रक्षेपण बंद पडलें. त्यानंतर तज्ज्ञांच्या समितीनें जी दुसरी पद्धत सिद्ध केली, आणि जीस १७ डिसेंबर १९५३ रोजीं मान्यता मिळाली, ती पद्धत जुन्या संचांस संभाळून घेणारी होती. तिच्या मुळाशीं असलेली कल्पना जॉर्ज व्हॅलेन्सी या फ्रेंच अभियंत्यानें १९३८ सालींच मांडलेली होती: चित्राचा प्रकाश निराळा पाठवावा व रंग निराळा पाठवावा.

प्रकाश निराळा म्हणजे काय? कॅमेरा प्रत्येक ठिपक्याचे तीन भाग मोजतो: लाल, हिरवा व निळा. हे तीन भाग तसेच न पाठवितां प्रथम त्यांची एक बेरीज करतात. तींत लालाचे शेंकडा ३०, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ भाग धरतात. कारण आपल्या डोळ्यास हिरवा सर्वांत उजळ व निळा सर्वांत मंद भासतो. ही बेरीज म्हणजे प्रकाशसंकेत. जुन्या संचास एवढाच पुरतो. मग लालांतून ही बेरीज वजा करून एक, आणि निळ्यांतून वजा करून दुसरा, असे दोन फरक काढतात. हे दोन फरक म्हणजे रंगसंकेत. हिरव्याचा फरक पाठवावा लागत नाहीं. तो संच हिशेब करून काढतो. जी वस्तु पांढरी, काळी किंवा राखी आहे तिच्या बाबतींत हे दोन्ही फरक शून्य येतात. रंगच नाहीं तर पाठवावयाचें काय?

या योजनेची दुसरी खुबी अशी कीं, रंगसंकेत तितक्या बारकाईनें पाठविण्याची गरज नसते. आमच्या दारापुढें दिवाळींत रांगोळ्या निघत. ठिपके व रेघा पांढऱ्या रांगोळीच्या, सुतासारख्या बारीक. आंतले रंग मात्र चिमटीनें नुसते भुरभुरलेले. रंग रेघेजवळ थोडा कमीअधिक पडला तरी पाहणाऱ्यास तें जाणवत नाहीं. रेघ मात्र हलली कीं लगेच दिसतें. डोळ्याचा हा स्वभावच आहे. आकार, कडा, अक्षर, चेहऱ्यावरील सुरकुती हीं सारीं तो प्रकाशाच्या फरकांवरून ओळखतो, रंगावरून फारच थोडीं. म्हणून आपल्याकडील पद्धतींत प्रकाशसंकेतास सेकंदाला सुमारें ५० लक्ष कंपनांपर्यंतची जागा दिली, आणि रंगास तेरा लक्षांच्या आसपास दिली. रेघ आधीं, रंग मागून.

आतां प्रश्न राहिला जागेचा. प्रकाशसंकेतानें आधींच सारी जागा व्यापलेली. मग रंग बसवावयाचा कोठें? याचें उत्तर मर्ट्झ व ग्रे या दोन अमेरिकन संशोधकांनीं १९३४ सालीं केलेल्या एका गणितांत होतें. चित्र हें एकाखालीं एक अशा ओळींनीं पाठवितात, आणि कोणतीहि ओळ आपल्या शेजारच्या ओळीसारखीच बहुधा असते. यामुळें प्रकाशसंकेताची शक्ति सर्वत्र सारखी पसरत नाहीं. ती ओळींच्या वेगाच्या पटींपाशीं गोळा होते, आणि मध्यें जागा मोकळ्या राहतात. आपल्या पद्धतींत सेकंदास १५,६२५ ओळी असत. म्हणजे दर १५,६२५ कंपनांवर एक दाटी, मग पोकळी, मग पुन्हां दाटी, असा जणूं कंगवाच. या कंगव्याच्या दांतांमधल्या फटींत रंगाच्या कंगव्याचे दांत बसविले. त्यासाठीं रंगाची वाहक लहर सेकंदास सुमारें ४४ लक्ष ३४ हजार कंपनांची ठरविली. हा आंकडा असा हिशेबानें निवडलेला आहे कीं ती बरोबर फटींतच पडावी. भारतानें घेतलेली ही पद्धत जर्मनींतील टेलिफुंकन कंपनीचे वाल्टर ब्रुख यांनीं १९६२ सालीं शोधलेली. अमेरिकन पद्धतींत वाटेत रंगाची छटा बदलून जाई, म्हणून तेथील संचांस ती जुळविण्याची एक कळ असे. ब्रुख यांनीं रंगाचा एक फरक एकाआड एक ओळींत उलटा पाठविला, आणि शेजारच्या दोन ओळींतील चुका एकमेकींस मारून टाकतील अशी सोय केली.

आम्ही त्या काळीं एका महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवीत होतों. वरील सर्व गोष्टी आम्हांस ठाऊक होत्या, आणि ठाऊक असल्याचा अभिमानहि होता. हें सांगण्याचें कारण पुढें येईल.

नवा संच आल्यावर सुमारें वर्षानें एके संध्याकाळीं चर्चेच्या कार्यक्रमांत एक गृहस्थ बारीक चौकडीचा कोट घालून बसले होते. कॅमेरा थोडा दूर असला कीं त्या कोटावर एकाएकीं निळ्या-पिवळ्या-जांभळ्या रंगांच्या लाटा उठत. कॅमेरा जवळ आला कीं त्या नाहींशा होत. घरांत वाद माजला. कोट निळा, असें एक पक्ष म्हणे. दुसरा म्हणे, मोरपिशी रेशमाचा. आई म्हणाली, "धूपछांव असेल." इतक्यांत पानें वाढलीं, म्हणून तात्यांस बोलावण्यास आम्ही माडीवर गेलों. ते तोच कार्यक्रम जुन्या संचावर पाहत होते. त्या पडद्यावर तोच कोट अगदीं स्वस्थ होता. त्यावर रंग नव्हता तो नव्हताच. पण लाटाहि नव्हत्या. आम्हीं खालचा वाद सांगितला. तात्या हंसून म्हणाले, "अरे, साधी काळ्या-पांढऱ्याची चौकडी आहे ती. उभे आडवे धागे मोजून घे. तुमचा संच नसते रंग पाहतो आहे."

तात्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. दोन संकेत एकाच लहरींत मिसळून पाठविले म्हणजे घरच्या संचानें ते पुन्हां निवडून काढावयाचे असतात. आणि त्या वेळच्या साध्या संचांत निवडण्याचा नियम ढोबळ होता. ४४ लक्षांच्या आसपास जें जें कंपन सांपडेल तें तें रंग समजावयाचें, एवढाच तो नियम. आतां पडद्याची एक ओळ रेखाटण्यास ५२ मायक्रोसेकंद लागत. तेवढ्या वेळांत ४४ लक्ष ३४ हजारांच्या वेगानें सुमारें २३० कंपनें होतात. तेव्हां पडद्याच्या रुंदींत २३० च्या सुमारास काळेपांढरे पट्टे बसतील इतकी बारीक चौकडी जर कोणाच्या कोटावर असली, तर त्या चौकडीचा प्रकाशसंकेत नेमका रंगाच्या वेगानें हेलकावे खातो. संचास वाटतें, हा रंगच आला. आणि तो जेथें रंगाचा लेश नाहीं तेथें इंद्रधनुष्य उभें करतो. म्हणूनच कॅमेऱ्यापुढें बसणारांस बारीक पट्ट्यांचे व चौकडीचे कपडे घालूं नका असें सांगण्याची चाल पडली. याच्या उलट दोषहि असे. रंगाचा थोडा अंश प्रकाशांत शिरला म्हणजे दोन भडक रंगांच्या सीमेवर बारीक ठिपके मुंग्यांसारखे सरकतांना दिसत.

या दोषावर पुढें जे उपाय निघाले ते सांगण्याजोगे आहेत. पहिला उपाय गाळून टाकण्याचा: ४४ लक्षांजवळचा भाग प्रकाशसंकेतांतून कापून काढावयाचा. मुंग्या जातात, पण त्यांबरोबर चित्राचा बारीकपणाहि जातो. गव्हांतील खडे निवडतांना गहूच टाकून द्यावा तसें. दुसरा उपाय कंगव्यासारख्या गाळणीचा. एक ओळ क्षणभर राखून ठेवावयाची व ती पुढच्या ओळीशीं ताडून पाहावयाची. अमेरिकन पद्धतींत शेजारच्या ओळींतील रंगलहरी एकमेकींच्या उलट असतात. दोन्ही ओळी मिळविल्या कीं रंग परस्परांस खाऊन जातो व प्रकाश उरतो. एकींतून दुसरी वजा केली कीं प्रकाश जातो व रंग उरतो. आपल्या पद्धतींत हीच युक्ति थोडी अधिक अवघड, कारण उलट लहर मिळण्यास दोन ओळी मागें जावें लागतें. ओळ राखून ठेवण्याची सोयहि मोठी गमतीची होती. आपल्याकडील रंगीत संचांत, छटेच्या चुका मारून टाकण्यासाठीं, कांचेचा एक लहानसा तुकडा असे. विद्युत्संकेताचें ध्वनिकंपन करून तें त्या कांचेंत सोडीत. तें आंत इकडून तिकडे आपटत जाई, आणि जवळजवळ ६४ मायक्रोसेकंदांनीं, म्हणजे बरोबर एक ओळ उलटल्यावर, बाहेर पडे. तिसरा उपाय सर्वांत सरळ: मुळांत मिसळूंच नये. १९८७ सालीं जपानांतून नव्या धर्तीचे व्हिडिओ रेकॉर्डर आले; त्यांत प्रकाश एका तारेनें व रंग दुसऱ्या तारेनें संचाकडे नेलेला असे. पुढें डीव्हीडीच्या काळांत प्रकाश व दोन फरक अशा तीन तारा झाल्या. आतां सारेंच आंकड्यांनीं चालतें, आणि कोटावरच्या त्या लाटा नव्या पिढीनें पाहिलेल्याहि नाहींत. पण मूळ तत्त्व सुटलेलें नाहीं. आज मोबाइलवर जें चलच्चित्र आपण पाहतों त्यांतहि बहुधा चार ठिपक्यांस प्रकाशाचे चार आंकडे असतात, आणि रंगाच्या प्रत्येक फरकाचा चौघांत मिळून एकच.

त्या संध्याकाळीं आम्ही खालीं आलों आणि चौकडीचें गूढ सर्वांस उकलून सांगितलें. जेवणें होईपर्यंत आमचें व्याख्यान चाललें होतें. तात्या ऐकत होते. "म्हणजे जुना संच खोटें बोलत नाहीं म्हण," एवढेंच ते म्हणाले. कोटाच्या चौकडीवर आम्ही अर्धा तास बोललों. पण हा मनुष्य रंगीत संच सोडून माडीवर एकटा कां बसतो, असा प्रश्न आमच्या मनांत एकदांहि आला नाहीं. निकाल आधींच लागलेला होता ना!

१९८४ च्या उन्हाळ्यांत तात्यांची मुलगी, आमची चुलत बहीण, माहेरपणास आली. तिचा मुलगा आठ वर्षांचा होता. एके दुपारीं त्यानें आंब्याच्या झाडाचें चित्र काढलें. आकार फार सुरेख होता. पण पानें तपकिरी आणि खोड हिरवें. पोरें खो खो हंसलीं. मोठीं माणसेंहि हंसलीं. ताई चिडून म्हणाली, "शाळेंतहि असेंच करतो. वहींत बाईंनीं दोनदां लिहून पाठविलें, याचें लक्ष नसतें म्हणून." तो शेरा आम्हांस ओळखीचा वाटला पाहिजे होता; पण वाटला नाहीं.

तात्या जिन्यांत उभे होते. ते खालीं आले, नातवाजवळ चटईवर बसले, आणि खडूंची पेटी पुढें ओढून म्हणाले, "बाळ, यांतला हिरवा कोणता?" मुलानें एक खडू उचलला, ठेवला, दुसरा उचलला, आणि रडकुंडीस आला. तात्या म्हणाले, "अरे, त्यावरच्या कागदावर नांव छापलेलें असतें. तें वाचून घ्यावें. मी नेहमीं तसेंच करतों." मग मान वर न करतांच ते आम्हां सर्वांस उद्देशून म्हणाले, "मलाहि हे दोन रंग निराळे दिसत नाहींत. कधींच दिसले नाहींत."

दिवाणखान्यांत कोणी बोलेना. तात्यांनींच पुढें सांगितलें. १९४१ सालीं, एकविसाव्या वर्षीं, ते एका रेल्वेच्या नोकरीच्या लेखी परीक्षेंत वर आले होते. मग डॉक्टरनें रंगीत ठिपक्यांचीं पानें समोर धरलीं आणि त्यांतील आंकडे वाचावयास सांगितले. इतर उमेदवारांनीं ते भराभर वाचले. तात्यांस नुसते ठिपके दिसले. तांबडा व हिरवा दिवा ज्यास निराळा दिसत नाहीं त्यास रेल्वेंत जागा नाहीं, आणि ती नसावी हेंहि योग्यच. पण घरीं येऊन हें सांगण्याचा त्यांस धीर झाला नाहीं. डोळ्यांत दोष आहे असें कळलें तर लग्न जमणार नाहीं, घराण्यास नांव ठेवतील, अशी भीति. "जागा भरल्या" एवढेंच त्यांनीं सांगितलें, आणि पुढें एका विमा कचेरींत कारकुनी पत्करली. मुलानें मनापासून खटपट केली नाहीं अशी समजूत घेऊनच आमचे आजोबा वारले.

काकूंनीं हळूच विचारलें, "म्हणजे तीं निळीं लुगडीं?"

"निळा आणि पिवळा मला नीट दिसतो," तात्या म्हणाले. "दुसरें आणलें आणि भलतेंच निघालें तर काय, म्हणून."

काकू उठून स्वयंपाकघरांत गेल्या. दादांनीं विचारलें, "आणि तात्या, तो संच?" यावर तात्यांनीं जें उत्तर दिलें तें आम्हीं कधीं विसरलों नाहीं. ते म्हणाले, "तुझ्या संचांत वाईट कांहीं नाहीं रे. पण त्याच्यापुढें बसलें कीं सारे रंगांविषयीं बोलतात, आणि मला हो हो म्हणावें लागतें. जुन्या संचावर जें मला दिसतें तेंच सर्वांस दिसतें."

आम्ही पदार्थविज्ञानाचे अध्यापक. आम्हीं त्या रात्रीं आमचींच पुस्तकें पुन्हां उघडलीं. जर्मन शास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत असें मांडलें होतें कीं, डोळ्यांतून मेंदूकडे रंग तीन सुट्या भागांनीं जात नाहींत. ते जोड्यांनीं जातात: काळा-पांढरा, तांबडा-हिरवा, निळा-पिवळा. पुढील संशोधनानें डोळ्याच्या पडद्यामागील मज्जातंतूंत अशाच बेरजा व वजाबाक्या होत असल्याचें दिसून आलें. म्हणजे दूरचित्रवाणीच्या अभियंत्यांनीं जी युक्ति केली ती निसर्गानें आपल्या डोळ्यांत आधींच करून ठेवलेली आहे. तात्यांच्या डोळ्यांत त्यांपैकीं एकच वजाबाकी जमत नव्हती. प्रकाश शाबूत, रेघ शाबूत, निळा-पिवळा शाबूत. पानांच्या गर्दींतील जास्वंद तेवढी त्यांस पानांसारखी दिसे, आणि ते आकारावरून एक एक फूल शोधीत. जो मनुष्य इतरांहून चौपट कष्टानें तीन फुलें आणी त्यास आम्हीं आळशी म्हटलें होतें.

हा दोष नवा नाहीं, व त्यांत लाज वाटण्यासारखेंहि कांहीं नाहीं. अणुसिद्धान्ताचे प्रसिद्ध जनक जॉन डाल्टन यांस तो होता. ज्या फुलास इतर लोक गुलाबी म्हणत तें त्यांस दिवसा आकाशासारखें निळें दिसे, आणि मेणबत्तीच्या उजेडांत तांबूस. १७९४ सालीं मॅंचेस्टर येथील विद्वत्सभेपुढें त्यांनीं स्वतःच्या दृष्टीवर निबंध वाचला. डोळ्यांतील रस निळा असावा असा त्यांचा तर्क होता, आणि मरणोत्तर डोळे तपासावे असें त्यांनीं सांगून ठेवलें होतें. १८४४ सालीं तपासले तों रस स्वच्छ निघाला. पण डोळ्याचे अवशेष जपून ठेवलेले होते. १९९५ सालीं त्यांतील आनुवंशिक द्रव्य तपासून, हिरव्यास ओळखणारा वर्णक त्यांच्या डोळ्यांत नव्हता असें ठरविण्यांत आलें. हा दोष बहुधा पुरुषांत दिसतो, आणि बापाकडून मुलीमार्फत नातवाकडे जातो. मुलीस स्वतःस मात्र तो सहसा जाणवत नाहीं. ताई तपकिरी पानें पाहून रागावली ती आपल्याच वडिलांचें देणें पाहून रागावली होती.

दुसऱ्या दिवशीं ताईनें शाळेच्या बाईंस पत्र लिहिलें. त्या बाईंनीं त्यानंतर मुलास कधीं बोल लावला नाहीं, हें त्यांच्याविषयीं सांगितलें पाहिजे. दादांनीं माडीवर जाऊन जुना संच स्वतः उचलून खालीं आणला आणि नव्याच्या शेजारीं मांडला. दोन्ही संच एकदम सुरू केले. एकाच लहरीवर एक रंगीत व एक कृष्णधवल अशीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं हलूं लागलीं. तात्या मनापासून हंसले. "एक पुरे रे, वीज जळते," असें म्हणून त्यांनीं जुन्याचें बटण बंद केलें, आणि नव्यापुढें आपली खुर्ची ओढली. त्यानंतर सामना चालू असला म्हणजे कोणीतरी सहज बोलून जाई, "डावीकडून खेळताहेत ते तांबड्या पोशाखाचे." मुद्दाम सांगितल्यासारखें कोणी दाखवीत नसे. जेवणाच्या वेळच्या गप्पाहि पूर्ववत् सुरू झाल्या.

तात्या जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. वाडाहि राहिला नाहीं. पण त्या चौकडीच्या कोटाची आठवण आम्हांस वारंवार होते. संचाची चूक काय झाली होती? त्यानें न दिसणारें कांहीं पाहिलें नव्हतें. त्यानें एक बारीक गोष्ट पाहिली, तिचा बारीकपणा त्यास निवडतां आला नाहीं, आणि त्यानें तीस रंग देऊन टाकला. आम्हीं तात्यांच्या बाबतींत हेंच केलें. झाडापुढें ते उशीर लावीत हें आमचें पाहणें खरें होतें. आळस हा रंग आमचा होता. संचाचा दोष जाण्यास कांचेचा तुकडा पुरला, एक ओळ क्षणभर राखून ठेवणें पुरलें. माणसाविषयीं मत देण्यापूर्वीं तितकाच क्षण आम्हीं राखून ठेवला असता, तर चाळीस वर्षें एका भल्या गृहस्थास जिन्यांत उभें राहावें लागलें नसतें.